जुन्या गाडीचे दुखणे कसे ओळखावे?

आपल्या खेड्यापाड्यांत अजूनही कितीतरी जुन्या गाड्या चालू आहेत. कोणाकडे वडिलांच्या वेळची पेट्रोल जीप असते, कोणाकडे फियाट, कोणाकडे ॲम्बॅसडर. गाडी जुनी झाली की ती कुरकुरू लागते. एखाद्या दिवशी चढावर आचके देते, एखाद्या दिवशी खालून कुठूनतरी खडखड ऐकू येते. मग आपण काय करतो? चार जणांना विचारतो आणि चार जण चार रोग सांगतात. एक म्हणतो कार्बुरेटर, दुसरा म्हणतो बॅटरी, तिसरा म्हणतो, "इंजिन खोलल्याशिवाय इलाज नाही." खिसा मात्र आपला रिकामा होतो. तेव्हा गाडीचे दुखणे शांतपणे, पायरीपायरीने कसे ओळखावे, याविषयी आज थोडे बोलू.

आधीच सांगतो, मी मिस्त्री नव्हे. मी महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवतो. परंतु माझ्या वडिलांनी मागे ठेवलेल्या जुन्या पेट्रोल जीपने मला या शास्त्राचे जे धडे दिले, ते मला पुस्तकाने दिले नव्हते.

झाले असे. आमचा कोयनेचा पट्टा, म्हणजे पावसाचे माहेरघर. एका पावसाळ्यात आमची जीप सकाळी सकाळी मिसिंग करू लागली. चार सिलेंडरांचे इंजिन, पण चालायचे तीनवर. सारी गाडी थरथरायची आणि चढावर जीव सोडायची. तालुक्याच्या एका गॅरेजात नेली. तेथील कारागिराने प्लग काढून पाहिले. तीन नंबरचा प्लग काळा आणि ओला होता. तो म्हणाला, "ऑइल वर येतंय. रिंगा गेल्या. बोअर करावं लागेल." खर्च ऐकून माझे डोळे पांढरे झाले. गाडी भंगारात द्यावी, असेही मनात आले. वडिलांची आठवण म्हणून हात धजेना, इतकेच.

आमच्या गावात एस. टी. च्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले एक फिटर आहेत. सगळे त्यांना बापू म्हणतात. त्यांच्याकडे गेलो. त्यांनी बॉनेटला हातही लावला नाही. आधी विचारले, "सर, गाडी मिसिंग करते ती कधी?"

मी म्हणालो, "सकाळी."

"आणि दुपारी?"

"दुपारी बरी असते."

"ऊन पडलं असेल तर?"

मी विचार केला आणि म्हणालो, "ऊन असेल त्या दिवशी त्रासच नाही."

बापू हसले. "मग रिंगा ऊन बघून झिजतात आणि पाऊस बघून गळतात का? सर, वैद्य पोट कापायच्या आधी नाडी बघतो. तुम्ही गाडीची नाडी बघितलीच नाही."

हे ऐकून मी मनातून ओशाळलो. कारण बापूंनी जे केले तेच मी वर्गात दरवर्षी शिकवीत होतो. जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्वज्ञाने १८४३ साली आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात कारण शोधण्याच्या काही पद्धती सांगितल्या. त्यांतल्या एकीला आपण अन्वय पद्धती म्हणतो. बिघाड जेव्हा जेव्हा होतो, तेव्हा तेव्हा दुसरी कोणती गोष्ट हजर असते? आमच्या जीपच्या बाबतीत ती गोष्ट होती दमट हवा. झिजलेल्या रिंगा दमट हवेची वाट पाहत नाहीत. दमट हवेची बाधा होते ती विजेला.

आता इंजिनला काय लागते ते पाहू. पेट्रोल इंजिनच्या प्रत्येक सिलेंडरला तीन गोष्टी लागतात. एक, पेट्रोल आणि हवा यांचे योग्य मिश्रण. दोन, ते मिश्रण दाबून धरणारे कॉम्प्रेशन. आणि तीन, नेमक्या क्षणी पडणारी ठिणगी. या तिन्हींपैकी एक चुकली की तो सिलेंडर मुका होतो. क्रँकच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलेंडर एकदा पेटतो. इंजिन मिनिटाला २००० फेऱ्या करीत असेल, तर प्रत्येक प्लगने मिनिटाला १००० ठिणग्या दिल्या पाहिजेत, म्हणजे चार प्लग मिळून ४००० ठिणग्या झाल्या. इतक्या गर्दीत थोड्या जरी चुकल्या, तरी गाडीला आचका बसतो.

ही ठिणगी येते कोठून? बॅटरीत असतात ६ किंवा १२ व्होल्ट. एवढ्याने प्लगच्या फटीतून ठिणगी उडी मारणार नाही. म्हणून मध्ये कॉइल असते. तिच्यातून वाहणारा प्रवाह पॉइंट उघडून एकदम तोडला, की तिच्या दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब उत्पन्न होतो. मायकेल फॅरडेने १८३१ साली दाखवून दिलेले विद्युत प्रवर्तन ते हेच. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन इंजिनिअराने विसाव्या शतकाच्या आरंभी ते मोटारीत अशा रीतीने बसवले, की पुढे अनेक दशके जगभरच्या पेट्रोल गाड्या त्याच पद्धतीवर धावल्या. कॉइलची वीज डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीत येते आणि आत फिरणारा रोटर ती पाळीपाळीने चार वायरींना वाटून देतो. आमच्या जीपमध्ये ही पाळी १, ३, ४, २ अशी आहे.

आता प्रत्यक्ष तपासणीकडे वळू. पहिला प्रश्न असा की, मिसिंग एका तालात आहे की बेताल आहे? गाडी जागेवर सुरू ठेवून सायलेन्सरच्या तोंडाशी थोड्या अंतरावर कागद धरावा. कागद एका लयीत फडफडतो आणि दर चौथ्या ठोक्याला चुकतो, असे दिसले तर एकच सिलेंडर बंद आहे असे समजावे. चूक कधी इथे, कधी तिथे होत असेल, तर दोष चौघांच्या सामाईक भागात शोधावा, म्हणजे पेट्रोलचा पुरवठा, पॉइंट, कंडेन्सर, कॉइल यांत. ही तपासणी उघड्यावरच करावी. बंद पडवीत इंजिन चालू ठेवले, तर धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू माणसाचा जीव घेतो, आणि त्याला वासही नसतो.

एकच सिलेंडर बंद असेल, तर तो कोणता हे शोधावे. इंजिन बंद करून एका प्लगची वायर काढावी आणि तिचे टोक इंजिनच्या लोखंडाला टेकेल असे पक्के ठेवावे. मग इंजिन सुरू करावे. गाडी आणखी लंगडली, तर तो सिलेंडर काम करीत होता. काहीच फरक पडला नाही, तर आळशी गडी तोच. अशी चारही सिलेंडरांची पाळी घ्यावी. चालू इंजिनवर वायरीला हात लावू नये, धक्का जबरदस्त बसतो. पंख्याजवळ धोतराचा सोगा, पदर किंवा उपरणे लोंबू देऊ नये. आणि ही युक्ती पॉइंटच्या जुन्या गाड्यांसाठीच आहे. नव्या इलेक्ट्रॉनिक गाड्यांवर तिचा प्रयोग करू नये, त्यांतली यंत्रणा बिघडू शकते.

मुका सिलेंडर सापडला की त्याचा प्लग आणि शेजारच्या चांगल्या सिलेंडरचा प्लग यांची अदलाबदल करावी. बाकी काहीही बदलू नये. बिघाड प्लगबरोबर दुसरीकडे गेला, तर दोष प्लगचा. बिघाड जागेवरच राहिला, तर प्लग निर्दोष. मग हाच प्रयोग वायरीवर करावा. तर्कशास्त्रात आपण याला व्यतिरेक पद्धती म्हणतो. सगळे तसेच ठेवून एकच गोष्ट बदलायची आणि परिणाम पाहायचा. आपले चुकते ते येथे. आपण प्लगही नवे घालतो, पॉइंटही बदलतो, कार्बुरेटरही साफ करतो, सारे एकाच दिवशी. गाडी सुधारली तरी कशाने सुधारली ते कळत नाही, आणि न सुधारली तर नवे तीन घोटाळे आपणच घातलेले असतात.

बापूंनी माझ्याकडून हे दोन्ही प्रयोग करवून घेतले. प्लग बदलला, बिघाड तीन नंबरवरच. वायर बदलली, तरी तीन नंबरवरच. तेव्हा बापू म्हणाले, "रात्री या. जेवून या." रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन सुरू केले, आणि डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीवर एक निळसर किडा वळवळताना दिसला. टोपीला केसाएवढी चीर होती. त्या चिरेत दमट हवेने वाट करून दिली होती, आणि तीन नंबरची वीज प्लगपर्यंत न जाता मधूनच पळत होती. दुपारी टोपी वाळली की वाट बंद! आता तो काळा, ओला प्लग आठवा. तो ऑइलने भिजला नव्हता. ठिणगीच पडत नव्हती, म्हणून न जळलेल्या पेट्रोलने भिजला होता. कारागिराने जे पाहिले ते खरे होते, पण त्याचा अर्थ त्याने घाईने लावला. काही शे रुपयांची नवी टोपी आली आणि जीप पूर्वीसारखी चालू लागली.

प्लग पाहून बरेच कळते, म्हणून त्याची खूण सांगून ठेवतो. टोक फिकट तपकिरी असेल, तर सर्व ठीक. कोरडी काळी काजळी असेल, तर पेट्रोल जास्त जाते आहे. चोक अडकला आहे का, एअर फिल्टर घाणीने बुजला आहे का, ते पाहावे. ओले आणि तेलकट असेल, तर ऑइल वर येत असेल. ओले असून पेट्रोलचा वास येत असेल, तर ठिणगी नाही. पांढरेफटक आणि भाजल्यासारखे असेल, तर पेट्रोल कमी पडते आहे किंवा इंजिन फार तापते आहे. प्लगची फट आमच्या जीपला इंचाचे ३० सहस्रांश, म्हणजे सुमारे पाऊण मिलिमीटर लागते, आणि पॉइंटची २० सहस्रांश, म्हणजे अर्धा मिलिमीटर. प्रत्येक गाडीचे माप वेगळे असते. ते तिच्या पुस्तकात पाहावे आणि फिलर गेजने मोजावे, नखाने नव्हे. पॉइंट वारंवार जळत असतील आणि ठिणगी पिवळी, बारीक पडत असेल, तर कंडेन्सरवर संशय घ्यावा.

बिघाड केव्हा होतो, यावर पुष्कळ अवलंबून असते. थंड गाडी बरी चालते, अर्ध्या तासाने मिसिंग करते आणि निवली की पुन्हा बरी होते, असे असेल तर कॉइल किंवा कंडेन्सर तापून दगा देत असेल, किंवा नळीतले पेट्रोल उष्णतेने वाफ होऊन अडत असेल. जागेवर इंजिन डळमळते पण वेगात सुधारते, असे असेल तर कार्बुरेटरच्या खालच्या पॅकिंगमधून चोरून हवा जाते आहे का ते पाहावे. चढावर किंवा वेगात दम तुटतो, तर फिल्टरमध्ये कचरा किंवा पेट्रोलमध्ये पाणी असेल. आणखी एक गमतीदार रोग असा. टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक भोक असते. ते बुजले की पेट्रोल उपसता उपसता टाकीत पोकळी होते आणि पुरवठा थांबतो. गाडी बंद पडली की झाकण सैल करावे. "फुस्स" असा आवाज होऊन गाडी लगेच सुरू झाली, तर रोग कळला.

येथे आजच्या पेट्रोलविषयीही सांगितले पाहिजे. २००० सालापासून आपल्या देशात शिसे असलेले पेट्रोल बंद झाले, ते योग्यच झाले, कारण शिसे विषारी आहे. पण जुन्या इंजिनांच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीला त्या शिशाचा आधार होता. ती बैठक झिजली की व्हॉल्व्ह नीट मिटत नाही आणि जळतो. म्हणून टॅपेटची फट मधूनमधून तपासून घ्यावी. तसेच २०२५ सालापर्यंत आपल्याकडच्या पेट्रोलात इथेनॉलचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांवर आले. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि पेट्रोल पंपाचा पडदा यासाठी घडवलेले नव्हते. इथेनॉल पाणीही ओढून घेते. म्हणून नळ्या योग्य जातीच्या घालाव्यात आणि गाडी महिनोन्‌महिने पेट्रोल भरून उभी ठेवू नये.

वीज ठीक, पेट्रोल ठीक, तरी सिलेंडर मुकाच असेल, तर उरते कॉम्प्रेशन. जुन्या जीपला हँडल मारायची सोय असते, ती येथे उपयोगी पडते. किल्ली बंद ठेवून, गाडी न्यूट्रलमध्ये घालून, हँडल सावकाश फिरवावे. दोन फेऱ्यांत हाताला चार वेळा सारखा विरोध जाणवला पाहिजे. एखाद्या ठिकाणी हँडल सहज निसटले, तर तो सिलेंडर हवा सोडतो आहे. शेजारशेजारचे दोन सिलेंडर एकदम ढिले लागले, तर त्यांच्या मधले हेड पॅकिंग गेले असण्याचा संभव असतो. इंजिन खोलायची वेळ येते ती आता, त्याआधी नाही.

आता दुसरे दुखणे पाहू, ते म्हणजे आवाज. आवाज फसवा असतो. लोखंडातून तो प्रवास करतो आणि निघतो एकीकडे, ऐकू येतो दुसरीकडे. म्हणून पहिले काम असे की गाडीतला जॅक, पाने, बाटल्या, पाण्याचा डबा, सगळे बाहेर काढावे. हसू नका. माझ्या जीपमधला एक "बेअरिंगचा आवाज" सीटखाली लोळणाऱ्या नारळाचा निघाला होता.

मग पाहावे, आवाज इंजिनच्या वेगाबरोबर बदलतो की चाकांच्या? जागेवर उभ्या गाडीचे इंजिन वाढवून आवाज वाढला, तर तो इंजिनचा. उभ्या गाडीत आवाज नाही आणि चालत्या गाडीत आहे, तर चाके, पाटे, शॅकल, प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस यांकडे वळावे. सपाट, मोकळ्या रस्त्यावर क्षणभर क्लच दाबून पाहिले तरी फरक कळतो. उतारावर किंवा घाटात हे करू नये, आणि चालत्या गाडीचे इंजिन तर कधीच बंद करू नये.

इंजिनचा आवाज हुडकायला लांब लाकडी दांडा घ्यावा. एक टोक इंजिनच्या वेगवेगळ्या भागांवर टेकवावे, दुसरे कानाशी धरावे. पट्टा आणि पंखा यांपासून दूर राहावे. लानेक या फ्रेंच वैद्याने १८१६ साली कागदाची गुंडाळी करून रोग्याच्या छातीचे ठोके ऐकले आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्मला. आपला दांडा त्याचाच भाऊ. शिक्षक बंधुभगिनींना हा प्रयोग शाळेत टेबलावर घड्याळ ठेवूनही मुलांना दाखवता येईल.

वरच्या बाजूने हलकी टिकटिक येत असेल आणि ती इंजिनच्या निम्म्या गतीने होत असेल, तर बहुधा टॅपेट. चढावर दाब दिला की खडे वाजल्यासारखा आवाज आला, तर ठिणगी वेळेआधी पडते आहे, टायमिंग पाहावे. क्लच सोडताना खालून "खण्" झाले, तर क्रॉस. पण इंजिनच्या पोटातून खोल, जड ठोके येऊ लागले, तर गाडी तेथेच थांबवावी आणि ऑइल पाहावे. तो कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा आवाज असू शकतो. तसेच आणखी दोन किलोमीटर रेटले, तर इंजिन हातचे जाईल.

आणि चाकाकडून येणारा आवाज उद्यावर टाकू नये. हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो. एकदा पंक्चर काढून घेतल्यावर जीपच्या डाव्या बाजूने बारीक टकटक येऊ लागली. मी चार दिवस म्हणत राहिलो, "जुनी गाडी आहे, वाजायचीच." पाचव्या दिवशी आत्याला डॉक्टरांकडे दाखवायला कुंभार्ली घाटाने चिपळूणला निघालो. माझी बारा वर्षांची मुलगी मागे बसली होती. घाटाच्या अलीकडे ती म्हणाली, "बाबा, तुम्ही हळू जाता तेव्हा टकटकपण हळू होते. इंजिन तर तसंच वाजतंय." कारण आणि कार्य बरोबरीने कमीजास्त होतात, हा मिलचाच आणखी एक नियम पोरीने न शिकता लावला होता. मी गाडी कडेला घेतली. डाव्या पुढच्या चाकाचे पाचांपैकी तीन नट सैल होते. पुढे घाटाची वळणे होती. त्या वेळी माझे पाय लटपटले, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

पुढे बापूंनी उलगडा केला. अनेक जुन्या जीपांच्या डाव्या चाकांच्या नटांचे आटे उलटे असतात, चाकाच्या फिरण्याने ते सुटू नयेत म्हणून. ते डावीकडे फिरवून आवळायचे. चाक बसवणाऱ्याने बसवले बरोबर, पण शेवटचा झटका सवयीने उजवीकडे दिला. चाक बसवल्यावर मी स्वतः पाना लावून पाहिले असते, आणि ५०-६० किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा पाहिले असते, तर ही वेळ आली नसती. स्टिअरिंग सैल वाटणे, ब्रेक दाबताना आवाज होणे, चाकाची टकटक, या तिन्हींना तेव्हाच पाहायचे, असा मी आता नियम केला आहे.

शेवटी एक साधी गोष्ट सुचवतो. गाडीत एक वही ठेवावी. बिघाड केव्हा झाला, हवा कशी होती, गाडी गरम की थंड, चढ की सपाट, काय बदलले आणि काय फरक पडला, एवढे लिहावे. मिस्त्रीकडे जाल तेव्हा ती वही त्याच्यापुढे ठेवा. चांगल्या कारागिराला तिचा आनंदच होईल, आणि घाई करणारा जरा थबकेल. गाडीखाली शिरायचे असेल, तर नुसत्या जॅकवर विसंबू नका, पक्के ठोकळे लावा. पेट्रोलचे काम करताना विडी-काडी दूर ठेवा, बॅटरीची तार काढा.

आमची जीप अजून चालते. आत्या त्या दिवशी दोन तास उशिरा, पण सुखरूप डॉक्टरांकडे पोचल्या. गाडीतली वही आता मुलगी लिहिते.